मांस नसलेला मीटलोफ

आपल्या सीमाभागातल्या स्वयंपाकघरांत एकेका पदार्थाला दोन-दोन नावं असतात. सासरी भाकरी, माहेरी रोट्टी. इकडे जवसाची चटणी, तिकडे अगसी चटणीपुडी. ताक म्हणा की मज्जिगे म्हणा, वाटीत पडतं ते एकच. त्यामुळे नावावरून आपल्याकडे सहसा भांडण होत नाही. पण गेल्या पंधरवड्यात एका वाचक भगिनींनी फोनवर ज्या पदार्थाविषयी विचारलं, त्याच्या नावातच भांडण भरलेलं आहे. पदार्थाचं नाव ‘व्हीगन मीटलोफ’.

या भगिनी टिळकवाडीतल्या. माहेर बैलहोंगलकडचं, कानडी, शुद्ध शाकाहारी. सासर मराठा. चाळीस वर्षं त्यांनी घरच्यांसाठी रविवारचं मटण रांधलं, वाढलं, पण स्वतः कधी चाखलं नाही. मीठ बरोबर आहे की नाही तेसुद्धा वासावरून ओळखत, असं त्या हसत हसत म्हणाल्या. मुलगी अमेरिकेत, ओहायो राज्यात. सोळा वर्षांची नात आता व्हीगन झाली आहे, म्हणजे मांस-मासे तर सोडाच, दूध, दही, तूपही घेत नाही. मागच्या भेटीत अज्जीने इथून नेलेले साजूक तुपातले बेसनाचे लाडू तिने हातही न लावता परत केले. येत्या नोव्हेंबरात अज्जी पुन्हा जाणार आहेत आणि नातीने फोनवर सांगून ठेवलं आहे, ‘अज्जी, थँक्सगिव्हिंगला आपण दोघी मिळून व्हीगन मीटलोफ करायचा. त्यात मीट नसतं. तूही खायचास.’

‘मीट नसतं, तर मीटलोफ म्हणायचं कशाला? आणि खाल्लं तर माझी चाळीस वर्षं फुकट जातील का?’ हा त्यांचा प्रश्न. पहिल्या भागाचं उत्तर देता येतं. दुसऱ्या भागाचं उत्तर देणारे आपण कोण? पण त्या पदार्थात काय असतं, तो कसा करतात आणि कुणाला चालेल, हे नीट कळलं तर ज्याचा त्याने निर्णय घ्यावा. अशा अज्ज्या बेळगाव, खानापूर, निपाणीत घरोघरी आहेत. म्हणून हा विषय आजच्या लेखासाठी घेतला.

मीटलोफ म्हणजे काय

लोफ म्हणजे पावाची लांबट लादी. खिमा, पावाचा चुरा, अंडं, बारीक कांदा आणि थोडं दूध कालवून ते मिश्रण पावाच्या साच्यात दाबून भरतात, ओव्हनमध्ये भाजतात, वरून टोमॅटो केचपचा गोडसर लेप देतात आणि थोडं निवल्यावर जाड काप करून वाढतात. सोबत कुस्करलेले बटाटे आणि वाटाणे किंवा शेंगा. अमेरिकेत हे सणाचं पक्वान्न नव्हे, आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी होणारं घरगुती जेवण आहे. आपल्याकडे पिठलं-भाकरीला जो मान आहे, साधारण तसा.

खिमा थापून भाजण्याची युक्ती युरोपात फार जुनी आहे. अमेरिकेत मात्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हाताने फिरवायची खिमा-मशीन घराघरांत आली, तेव्हा हा पदार्थ सोपा झाला. मग १९२९ साली शेअर बाजार कोसळला आणि १९३० च्या दशकात महामंदी आली. मांस महाग, खाणारी तोंडं तितकीच. तेव्हा गृहिणींनी थोड्या खिम्यात शिळा पाव, बिस्किटांचा चुरा, ओट्स घालून तो वाढवला. पाहुणे वाढले की आपण आमटीत पाणी घालतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणजे मीटलोफ हा जन्मापासूनच ‘मांस कमी आणि बाकीचं जास्त’ असा पदार्थ आहे. व्हीगन मंडळींनी त्यातलं उरलंसुरलं मांसही काढून टाकलं, इतकंच.

कृती म्हणून पाहिलं तर आपल्या बायकांना यात नवं काही नाही. कोथिंबीर वडीचा उंडा वाफवून, निववून, काप करून आपण तव्यावर परततो. अळूवडी, म्हणजे कानडी घरातलं पत्रोडे, त्याच रीतीने होते. मिश्रण धरून ठेवायला काहीतरी चिकट हवं, ते निवेपर्यंत सुरी लावायची नाही, हे नियम दोन्हीकडे सारखेच.

आणि नावाचं म्हणाल तर जुन्नर, पुणे भागातली मासवडी आठवा. बेसनाचं पीठ शिजवून थापायचं, आत तीळ-खोबऱ्याचं सारण भरायचं आणि वड्या कापायच्या. नावात मास, आत बेसन. कुणा वारकऱ्याने त्या नावावरून ताट मागे सारल्याचं ऐकलेलं नाही. गोव्यात पावसाळ्यात अळम्यांची शागोती होते, तिला मसाला कोंबडीच्या शागोतीचाच. कोकणात कोवळ्या फणसाची भाजी मटणासारखी लागते म्हणून कौतुकाने वाढली जाते. तेव्हा शाकाहारी पदार्थाला सामिष नाव किंवा सामिष चव देणं, हा अमेरिकेचा शोध नव्हे. चीनमधल्या बौद्ध मठांत गव्हाच्या चिकापासून आणि टोफूपासून मांसासारखे पदार्थ शेकडो वर्षं होत आले आहेत.

पाकिटात काय असतं

नात जो ‘खिमा’ आणणार आहे तो पाकिटातला असेल. त्याची कुळकथा थोडक्यात सांगते. अमेरिकेत मिशिगन राज्यात बॅटल क्रीक नावाचं गाव आहे. तिथे जॉन हार्वे केलॉग या डॉक्टरांचं मोठं आरोग्यधाम होतं. कॉर्नफ्लेक्समुळे हे आडनाव आपल्याला माहीत आहे. ते सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथातले आणि कट्टर शाकाहारी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी शेंगदाणे आणि गव्हाचा चीक यांपासून मांसाऐवजी खायचे पदार्थ डब्यांत भरून विकायला सुरुवात केली. त्यानंतर १९६० च्या दशकात तेल काढून उरलेल्या सोयाबीनच्या पिठापासून दाबयंत्रातून तंतुमय तुकडे काढण्याची पद्धत आली. आपल्या किराणा दुकानात मिळणाऱ्या सोया वड्या त्याच. कर्नाटकात त्यांना अजून पुष्कळजण ‘मील मेकर’ म्हणतात. नाव मुळात एका छापाचं, पण आता वस्तूचंच होऊन बसलं आहे.

अलीकडच्या पाकिटांमागे मुख्य कंपन्या दोन. बियाँड मीट ही २००९ साली ईथन ब्राऊन यांनी काढली. इम्पॉसिबल फूड्स २०११ साली पॅट्रिक ब्राऊन या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जीवरसायनशास्त्रज्ञांनी. दोघांचं आडनाव एक असलं तरी ते भाऊ नव्हेत. बियाँडच्या खिम्यात मुख्यतः पिवळ्या वाटाण्याचं प्रथिन आणि रंगासाठी बिटाचा रस असतो. इम्पॉसिबलच्या खिम्यात सोयाबीनचं प्रथिन, खोबरेल तेल, सूर्यफूल तेल आणि ‘हीम’ नावाचा एक लाल घटक असतो.

हे हीम आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला परक्या नावाने माहीत नसलं तरी पाहून माहीत आहे. सोयाबीनचं रोप उपटून मुळावरची गाठ फोडली तर ती आतून गुलाबी-लाल निघते. गाठ लाल असली म्हणजे ती हवेतला नत्र धरण्याचं काम करते आहे, असं आपण समजतो. तो लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा हा वनस्पतीतला चुलतभाऊ. गाठी गोळा करत बसणं परवडणारं नाही, म्हणून कंपनी जनुकीय बदल केलेल्या यीस्टकडून तो तयार करून घेते. २०१९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तो रंग म्हणून वापरायला मान्यता दिली आणि त्यानंतर हा खिमा तिथल्या किराणा दुकानांत आला. पाकीट फोडल्यावर तो लाल दिसतो आणि भाजल्यावर तपकिरी होतो, तो या हीममुळे.

दुसरी गंमत चिकटपणाची. या खिम्यांत मिथाइल सेल्युलोज नावाचा वनस्पतीच्या तंतूंपासून केलेला पदार्थ असतो. आपली खळ गरम असताना पातळ आणि गार झाल्यावर घट्ट होते. याचं उलट. तापवलं की घट्ट, निवलं की सैल. म्हणून हा खिमा ओव्हनमध्ये आकार सोडत नाही. पण तेवढ्यावर विसंबलं तर निवल्यावर काप भुसभुशीत होतात. त्यासाठी अंड्याच्या जागी काहीतरी लागतं, आणि ते आपल्या घरातच आहे. त्याविषयी पुढे.

तब्येतीच्या दृष्टीने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. या खिम्यात मीठ आधीच घातलेलं असतं. साध्या कच्च्या खिम्याच्या ११३ ग्रॅमच्या वाढणीत सोडियम शंभर मिलिग्रॅमच्या आत असतं. पाकिटातल्या शाकाहारी खिम्यात ते छापाप्रमाणे साधारण २३० ते ४०० मिलिग्रॅमपर्यंत जातं. रक्तदाब असणाऱ्यांनी वरून मीठ घालताना हात आखडता घ्यावा. आणि ‘वनस्पतीपासून’ म्हणजे ‘रोज खाल्लं तरी चालेल’ असं नाही. ते कारखान्यात तयार झालेलं अन्न आहे, कधीमधी खायचं.

या पाकिटांची हवा मध्यंतरी फार होती. बियाँड मीटचा शेअर मे २०१९ मध्ये २५ डॉलरला बाजारात आला आणि काही महिन्यांतच दोनशेच्या वर गेला. २०२५ साली तोच एका डॉलरच्याही खाली आला. नवलाईपोटी लोकांनी एकदा आणलं, पण किंमत आणि चव पाहून पुष्कळजण परत आले नाहीत. आपल्याकडेही रितेश आणि जेनेलिया देशमुख यांनी २०२१ साली ‘इमॅजिन मीट्स’ या नावाने असे पदार्थ बाजारात आणले होते.

खायचं की नाही

आता अज्जींच्या प्रश्नाकडे वळू. मांस न खाणारी माणसं सगळी एकाच कारणाने खात नाहीत. कुणी जीवहत्या नको म्हणून, कुणी घराण्याची रीत म्हणून, कुणी गळ्यातल्या माळेसाठी किंवा लिंगासाठी, आणि कुणाला तो वास आणि ते रूपच सहन होत नाही म्हणून. जीवहत्या नको एवढंच कारण असेल, तर या खिम्यात प्राणी नाही, हे सरळ आहे. (अमेरिकेतल्या काही कट्टर व्हीगनांना इम्पॉसिबलचा खिमा मात्र चालत नाही. कारण हीम सुरक्षित आहे हे दाखवण्यासाठी कंपनीने उंदरांवर चाचण्या केल्या होत्या.) पण कारण रूपाचं आणि मनाचं असेल, तर पाकिटावरची घटकांची यादी वाचून ते मिटत नाही. लाल, ओलसर, मांसासारखा वास येणारा गोळा हातात घेताना ज्यांच्या अंगावर काटा येतो, त्यांना ‘अहो, हे सोयाबीन आहे’ असं पुनःपुन्हा सांगणं म्हणजे समजूत घालणं नव्हे, सक्ती करणं आहे.

यात एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी. या पाकिटांवर बहुधा ‘बीफ’ हा शब्द मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. ‘प्लांट-बेस्ड’ हा शब्दही असतो, पण नजर आधी जाते ती त्या शब्दाकडे. परिचयातल्या एका घरी मुलाने आईला कल्पना न देता ‘सोयाचं आहे’ म्हणून हा खिमा वाढला. आईने आवडीने खाल्ला. दुसऱ्या दिवशी फ्रीजमध्ये उरलेलं पाकीट तिच्या हाती लागलं. मुलाने हजार वेळा समजावलं, ते खोटंही नव्हतं, तरी त्या माउलीने दोन दिवस त्या स्वयंपाकघरातलं पाणीसुद्धा घेतलं नाही. तिचा राग सोयाबीनवर नव्हता. आपल्याला विचारलं नाही, यावर होता.

आपल्या मिश्र घरांनी हा धडा फार पूर्वी शिकून घेतला आहे. मटणाची भांडी वेगळी, त्या दिवसाची चूल परसात, श्रावणात सगळ्यांनीच बंद, आणि न खाणाऱ्याच्या ताटाजवळ खाणाऱ्याने तो वाडगा न्यायचा नाही. हे नियम कुणी लिहून ठेवले नाहीत. खाणारे आणि न खाणारे एका छपराखाली राहायचे तर एकमेकांवर विश्वास हवा, म्हणून ते झाले. अमेरिकेतल्या स्वयंपाकघरातही तेच लागू आहे. ज्या साच्यात कधी मांसाचा लोफ भाजला असेल, तोच काढणार असाल तर तसं सांगा, किंवा पंधरा डॉलरच्या आत नवा साचा मिळतो, तो आणा. पाकीट आधी दाखवा. ‘बेडा’ म्हटलं तर बेडा.

नातीचीही बाजू आहे

पण अज्जींनाही एक सांगावंसं वाटतं. नातीने लाडू परत केले ते अज्जीला परत केले असं समजू नये. ‘व्हीगन’ हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मित्रांनी रूढ केला. दूध-अंडी खाणाऱ्या शाकाहारी लोकांपेक्षा आपण वेगळे, हे सांगायला त्यांना शब्द हवा होता. त्यांचं म्हणणं असं की दूध मिळतं ते वासराच्या वाटणीचं, आणि मोठ्या दूध-कारखान्यांत नर वासरांचं आणि आटलेल्या गाईंचं शेवटी काय होतं ते पाहिलं तर दूध आणि मांस यांत फार अंतर उरत नाही.

हे ऐकून आपल्याला राग येतो. आपल्या डोळ्यांपुढे गोठ्यातली नाव ठेवलेली गाय असते, वसुबारस असते, बाळंतिणीला घातलेलं तूप असतं. बेळगावचा कुंदा आणि धारवाडचा पेढा हिंसेचे पदार्थ आहेत असं कुणी म्हटलं तर आपण ऐकून घेणार नाही. पण नातीच्या डोळ्यांपुढे आपला गोठा नाही. तिने जे पाहिलं ते हजारो गाईंची यंत्रावरची रांग. दोघी ‘दूध’ हा एकच शब्द वापरतात आणि दोघींच्या मनात वेगवेगळी चित्रं असतात. दोन भाषांत वाढलेल्या आपल्या लोकांना हे समजणं अवघड जाऊ नये. सासूबाईंचा मराठीतला टोमणा आईला कानडीत सांगताना त्यातली धार काढून घ्यायची, आईचा कानडीतला काळजीचा शब्द मराठीत आणताना जरा गोड करायचा, हे काम आपल्याकडच्या कितीतरी सुनांनी आयुष्यभर केलं आहे. तेच काम आता अज्जी आणि नातीच्या मध्ये, लाडू आणि लोफच्या मध्ये, तिच्या आईला करायचं आहे.

आणि जरा विचार केला तर लक्षात येईल की चाळीस वर्षं ज्या घरात सगळे मटण खात होते तिथे एकटीने न खाणारी अज्जी, आणि ज्या शाळेत सगळे पिझ्झा खातात तिथे एकटीने न खाणारी नात, या दोघींचं जितकं जुळायला हवं तितकं घरात दुसऱ्या कुणाचंच जुळणार नाही. अज्जींनी नातीला हे सांगावं. ‘मीसुद्धा तुझ्यासारखीच होते, सगळे खायचे आणि मी नाही,’ एवढं सांगितलं तरी लाडवांचं दुःख निम्मं होईल. उरलेल्या निम्म्यासाठी तेलातले लाडू करून बघावेत. शेंगदाण्याचे, तिळाचे, गूळ घातलेले लाडू आपल्याकडे तुपाशिवाय होतातच की.

एक काळजीची गोष्ट मात्र नातीच्या आईने पाहावी. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींत नसतं. आपल्या शाकाहारी माणसांना ते दूध-दह्यातून मिळतं. व्हीगन झाल्यावर ते गोळीतून किंवा मुद्दाम घातलेल्या अन्नातून घ्यावंच लागतं. वाढत्या वयात तर डॉक्टरांना विचारून घ्यावं.

कृती : अमेरिकेतल्या स्वयंपाकघरासाठी

साहित्य : वनस्पतिजन्य खिम्याची ३४० ग्रॅमची (१२ औंसाची) दोन पाकिटं, जवसाची पूड २ मोठे चमचे, पाणी ६ मोठे चमचे, एक मध्यम कांदा, अर्धी ढोबळी मिरची, लसणाच्या ३ पाकळ्या, पावाचा चुरा पाऊण कप, बिनसाखरेचं सोया किंवा ओट दूध पाव कप, सोया सॉस १ मोठा चमचा, चिंचेचा कोळ १ छोटा चमचा, मोहरी सॉस १ छोटा चमचा, मिरपूड, तेल १ मोठा चमचा. लेपासाठी : केचप अर्धा कप, किसलेला गूळ २ मोठे चमचे, व्हिनेगर १ मोठा चमचा.

आधी जवसाची पूड पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवा. ती अंड्याच्या बलकासारखी बुळबुळीत होते. एक चमचा पूड आणि तीन चमचे पाणी म्हणजे एक अंडं, असा हिशोब. आपल्या भाकरीबरोबरची अगसी अमेरिकेतल्या व्हीगन स्वयंपाकघरात अशी अंड्याच्या जागी बसली आहे, हे अज्जींनी नातीला आवर्जून सांगावं. इथून पूड नेण्याची गरज नाही, तिथे सगळीकडे मिळते.

कांदा, मिरची, लसूण अगदी बारीक चिरून तेलात मऊ परता आणि पूर्ण निवू द्या. गरम घातलात तर खिम्यातलं तेल आधीच सुटतं. पावाचा चुरा दुधात भिजवा. चुरा विकत आणताना पाकीट वाचा, कारण पुष्कळ पावांत दुधाची पूड असते. मूळ कृतीत वूस्टरशायर सॉस असतो, पण त्यात मासे असतात, म्हणजे तो अज्जीलाही चालणार नाही आणि नातीलाही. गंमत म्हणजे त्याच सॉसमध्ये चिंचही असते. म्हणून सोया सॉस आणि चिंचेचा कोळ एकत्र केला की काम भागतं.

आता खिमा आणि बाकीचं सगळं एकत्र करा. कणकेसारखं मळू नका, लोफ रबरासारखा होईल. हलक्या हाताने मिसळण्यापुरतंच. मीठ घालण्याआधी खिम्यातलं आणि सोया सॉसमधलं मीठ आठवा. नऊ बाय पाच इंचाच्या साच्यात बेकिंगचा कागद कडांबाहेर येईल असा घाला, मिश्रण भरून मधे पोकळी न ठेवता दाबा. ओव्हन १८० अंश सेल्सियसला (३५० अंश फॅरनहाइट) तापवून ४० मिनिटं भाजा. मग लेपाचं साहित्य एकत्र करून वर पसरा आणि आणखी १५ ते २० मिनिटं ठेवा. मधोमध ७४ अंश सेल्सियस (१६५ फॅरनहाइट) झालं की झाला. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं मुळीच हात लावू नका. मग कागदासकट उचलून धारदार सुरीने जाड काप करा. आठ काप होतात. उरलेले दुसऱ्या दिवशी तव्यावर परतून पावात घालून खातात, आणि कित्येकांच्या मते तेच जास्त चांगले लागतात.

कृती : अज्जींसाठी आणि इथल्या घरांसाठी

ज्यांना पाकिटातला खिमा नको, त्यांच्यासाठी हा दुसरा लोफ. यात मांसाचं रूपही नाही आणि वासही नाही. ओव्हनही लागत नाही.

सोयाबीनच्या बारीक चुऱ्याचे (ग्रॅन्युल्स) दीडशे ग्रॅम गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून, दोनदा गार पाण्याने धुऊन घट्ट पिळा. धुतल्याशिवाय सोयाचा उग्र वास जात नाही. आपल्या जिल्ह्यात खरिपात पिकणाऱ्या सोयाबीनपासूनचीच ही वस्तू. शंभर ग्रॅम कोरड्या चुऱ्यात सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं असतात. ज्यांना सोयाही नको त्यांनी त्याऐवजी तीन वाट्या शिजवून पाणी निथळलेली अख्खी मसूर घ्यावी. त्यात एक उकडलेला बटाटा, भाजलेलं बेसन चार मोठे चमचे, भिजवलेली जवसाची पूड वरच्याच प्रमाणात, परतलेला कांदा, आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, धने-जिरे पूड, थोडी काळी मिरी आणि मीठ घाला. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी ते गाळून हिंग आणि किसलेलं गाजर घालावं. गोळा हाताने दाबल्यावर आकार धरून राहिला पाहिजे. सैल वाटला तर बेसन एक चमचा वाढवा.

तेल लावलेल्या उभट डब्यात दाबून भरा, झाकण ठेवून कुकरमध्ये शिट्टी न लावता अर्धा तास वाफवा. पूर्ण निवू द्या, शक्य असल्यास रात्रभर. मग काप करून तव्यावर थोड्या तेलात दोन्हीकडून खमंग परता. वरच्या लेपासाठी टोमॅटोचा रस, गूळ, थोडी चिंच आणि चिमूटभर तिखट आटवून घ्या. भाकरीबरोबरही चालतो.

भारतात पाकिटं घेताना हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, हे आपल्याला पाठ आहे. पण हिरव्या ठिपक्याच्या पदार्थात दूध असू शकतं. व्हीगन खाणाऱ्या पाहुण्यासाठी काही आणायचं तर वेगळं चिन्ह पाहावं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ साली व्हीगन अन्नासाठी नियम केले, तेव्हापासून मान्यताप्राप्त पाकिटांवर हिरवा इंग्रजी ‘व्ही’ असतो.

दोन्ही लोफ एकाच दिवशी, एकाच टेबलावर ठेवावेत असं मला वाटतं. दोन्ही व्हीगन आहेत, म्हणजे नातीला दोन्ही चालतात. जावयाला पाकिटातला आवडेल. अज्जींनी आपला मसुरीचा घ्यावा आणि पहिला वाढताना मनात आलं तर चाखावा, नाही आलं तर नाही. कुणी आग्रह करू नये. आपल्याकडे पाहुण्याला आधी विचारतात ते ‘ऊट आय्ता?’ म्हणजे जेवलात का. काय जेवलात, हे त्यानंतर.